टाळ्या वयाला की सुरांना?

बालवयात चमकलेल्या कलावंतांच्या कथा आपल्याला फार आवडतात. पाश्चात्त्य संगीतात असे नाव घ्यायचे झाले तर प्रथम ओठांवर येते ते वोल्फगांग आमाडेउस मोझार्टचे. त्याचे चरित्र वाचताना मला मात्र एक प्रश्न सतत छळत राहिला. त्या काळच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या त्याच्या सुरांना, की त्याच्या वयाला?

मोझार्टचा जन्म २७ जानेवारी १७५६ रोजी साल्झबुर्ग येथे झाला. वडील लिओपोल्ड हे तेथील आर्चबिशपच्या दरबारी वादक. पाचव्या वर्षी मुलाने रचलेल्या चिमुकल्या रचना त्यांनी थोरल्या मुलीच्या, नानेर्लच्या, वहीत उतरवून घेतल्या. १७६३ मध्ये ते दोन्ही मुलांना घेऊन युरोपच्या दौऱ्यावर निघाले. म्युनिक, पॅरिस, लंडन अशी शहरे त्यांनी जिंकली.

पण लंडनची हकीकत मोठी बोलकी आहे. १७६४ च्या जाहिरातीत आठ वर्षांचा वोल्फगांग चक्क सात वर्षांचा झाला! पट्ट्यांवर रुमाल टाकून वाजवून दाखवणे हाही पुढे कार्यक्रमाचा भाग ठरला. पहिल्या जलशाचे तिकीट अर्धा गिनी, म्हणजे साडेदहा शिलिंग होते. वर्षभरात नवलाई ओसरली आणि एका मद्यगृहाच्या दालनात हीच मुले अडीच शिलिंगांत ऐकायला मिळू लागली. डेन्स बॅरिंग्टन या विद्वान गृहस्थाने १७६५ मध्ये त्याची कसून परीक्षा घेतली. आवडती मांजर आत येताच हा संगीतकार वाद्य सोडून तिच्यामागे धावला! तरीही बॅरिंग्टनने साल्झबुर्गहून जन्माची नोंद मागवून खात्री केली आणि मगच रॉयल सोसायटीला अहवाल सादर केला. विद्वानालाही आधी वयाचा दाखलाच हवा होता!

कौतुकाच्या पाठोपाठ संशय आला. १७६८ मध्ये बारा वर्षांच्या मोझार्टने व्हिएन्नासाठी ऑपेरा लिहिला, तेव्हा तो वडिलांनीच लिहिल्याची कुजबुज सुरू झाली. तेथे तो रंगमंचावर आलाच नाही. पुढे १७७८ मध्ये बावीस वर्षांचा तरुण म्हणून तो पुन्हा पॅरिसला गेला, तर त्याचे नवल कोणालाच उरले नव्हते. मनासारखी नोकरी मिळाली नाही आणि सोबत आलेली आई तेथेच वारली.

मग त्याचे बालपणीचे संगीत खरोखर कसे होते? आमच्या घरी हे संगीत कधी वाजलेले नाही. माझा कान भजनातल्या टाळ-मृदंगावर घडलेला. तरी त्याची पहिली सिंफनी मी मोबाईलवर पुन्हा पुन्हा ऐकली. १७६४ मध्ये वडील आजारी असताना लंडनजवळच्या चेल्सी येथे ती त्याने लिहिली. तिच्यावर योहान क्रिस्टियान बाखची छाप स्पष्ट आहे. पण दुसऱ्या, संथ भागात हॉर्न हे पितळी वाद्य चार दीर्घ स्वर हळूच लावते : सा, रे, म, ग. हे स्वर त्याच्या आधीच्या चर्चसंगीतातही सापडतात. चोवीस वर्षांनी, १७८८ मध्ये, आपल्या शेवटच्या ‘ज्युपिटर’ सिंफनीचा अंतिम भाग त्याने याच चार स्वरांवर उभारला आणि अखेरीस त्यांच्यासह पाच सुरावटी एकमेकींत गुंफल्या. चमत्कार म्हणून आपण ज्याला हात जोडतो, त्यात चोवीस वर्षांची मेहनत होती हे त्या दोन रचना शेजारी ठेवल्यावर मला कळले.

हा प्रश्न मला छळतो याला कारण आहे. मी आमच्या घरातली कॉलेजात आलेली पहिलीच मुलगी. अशा घरातली असूनही छान लिहितेस, असे मला अनेकदा ऐकवले जाते. त्यामागची माया मी जाणते. पण अशा वेळी माझे घर वाचले जाते, माझा निबंध वाचायचा राहून जातो. चूक कोठे झाली, कोणते वाक्य साधले, हे मग मला कोणी सांगत नाही.

५ डिसेंबर १७९१ रोजी, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी मोझार्ट गेला. त्याच्या मागे सहाशेहून अधिक रचना उरल्या आणि त्यांतल्या कितीतरी आज वयाचा दाखला न मागता ऐकल्या जातात. मित्रमैत्रिणींनो, ती पहिली सिंफनी ऐकाल तेव्हा मुलगा आठ वर्षांचा होता हे घटकाभर विसरा, आणि हॉर्नचे ते चार स्वर तेवढे शोधा.