गाडगेबाबा आणि आमच्या ताईचा दिवाळसण



२० डिसेंबर हा संत गाडगे महाराजांचा स्मृतिदिन. त्यांची जयंती किंवा पुण्यतिथी आली की आपण शाळेचे आवार झाडतो, फोटोला हार घालतो आणि स्वच्छतेवर भाषण करतो. मीही गेल्या वर्षी केले होते. पण यंदा मला गाडगेबाबांची वेगळीच ओळख झाली, आणि तीही ऐन दिवाळीच्या तोंडावर, आमच्याच घरात. ती तुम्हाला सांगतो.

आमच्या ताईचे लग्न वैशाखात झाले. यंदा तिचा पहिला दिवाळसण. दिवाळसण म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊकच आहे. लेक-जावई पहिल्या दिवाळीला येतात, जावयाला ओवाळतात आणि काहीतरी वस्तू देतात. पण त्या 'काहीतरी'ची किंमत किती असते, ते मला यंदा कळले. गल्लीतल्या एका जावयाला सोन्याची अंगठी मिळाली होती. नात्यातल्या एकाने फ्रीज दिला होता. घरी जो येई तो हेच विचारी, की जावयाला काय देणार? टीव्ही लावला की जाहिराती, मोबाइल उघडला की जाहिराती. वस्तू आज न्या, पैसे हप्त्याहप्त्याने द्या, हेच सगळीकडे.

आमचे भाऊ (आम्ही वडिलांना भाऊ म्हणतो) रात्री माझ्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडत बसायचे. सोयाबीनचे किती आले, उधारी किती गेली, हरभऱ्याच्या बियाण्याला किती लागतील. आकडे खोडायचे, पुन्हा लिहायचे. अंगठी काही त्यात बसत नव्हती. मग एकच वाट उरते, कर्ज. आणि मी तरी काय कमी? मीही पांढऱ्या बुटांसाठी हट्ट धरून बसलो होतो.

त्याच आठवड्यात बाईंनी मला शाळेच्या वाचनालयातले गाडगेबाबांचे चरित्र दिले आणि भित्तीपत्रकासाठी लेख लिहायला सांगितले. आजीचे डोळे अधू आहेत, म्हणून मी रोज संध्याकाळी तिला ते मोठ्याने वाचून दाखवू लागलो. भाऊ बाजूला दोर वळत बसायचे. ऐकतात की नाही ते कळत नसे.

गाडगेबाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. जातीने परीट. आईचे नाव सखुबाई. त्या काळी बारसे असो, लग्न असो की देवाचा नवस, बोकड आणि दारू ठरलेली. ऐपत नसली तरी पंगत द्यायची, नाहीतर लोक नावे ठेवणार. अशा पंगतींतूनच झिंगराजींना दारूचे व्यसन लागले. घर बुडाले. डेबू लहान असतानाच वडील गेले आणि सखुबाई मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला आल्या.

दापुऱ्याला डेबू मामाची गुरे राखू लागला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. पण कामाला वाघ होता. नांगरणी, पेरणी, निंदण, सगळे शिकला. मामांची शेती चांगली होती. पण मामांनी सावकाराचे कर्ज घेतले होते. मामांना वाचता येत नव्हते. कागदावर काय लिहिले आहे ते सावकाराला ठाऊक, आणि अंगठा मामांचा! शेवटी जमीन सावकाराच्या घशात गेली आणि त्या धक्क्याने मामाही खचून गेले.

मी इथपर्यंत वाचले आणि पाहतो तर भाऊंचा दोर वळायचा थांबला होता. त्यांनी मला ते पान पुन्हा वाचायला लावले.

पुढे डेबूजींचे लग्न कुंताबाईंशी झाले. पहिली मुलगी झाली. आता बारसे आले. भाऊबंद जमले, सगळ्यांना वाटले की रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू मिळणार. डेबूजींनी पानात काय वाढावे? गोडाचे जेवण! पंगतीत कुरबुर सुरू झाली. रिवाज मोडला म्हणून मंडळी रागावली. पण डेबूजींनी ठरवले ते ठरवले. माझ्या मते त्यांचे पहिले धैर्य हेच. झाडू हातात घेण्याच्या कितीतरी आधी त्यांनी लोक काय म्हणतील या भीतीला घरातून झाडून काढले होते.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या २९ व्या वर्षी, डेबूजींनी घर सोडले. इथे आजीने मला थांबवले आणि विचारले, मग कुंताबाईने लेकरे कशी वाढवली असतील? मला उत्तर देता आले नाही. आजी म्हणाली की बाबांचे नाव घेताना त्या माउलीचेही नाव घेत जा. म्हणून इथे मुद्दाम लिहिले आहे.

त्यानंतरचे बाबांचे रूप आपण फोटोत पाहतो. अंगावर चिंध्या जोडून केलेला पोशाख, एका हातात खराटा, दुसऱ्या हातात मातीचे गाडगे. त्याच गाडग्यात जेवायचे, त्यातूनच पाणी प्यायचे. त्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. दागिने म्हणाल तर एका कानात कवडी आणि दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. मी आधी या वेषाला हसायचो. आता वाटते, की दागिन्यावाचून माणूस मोठा होतो, हे सांगायला त्यांनी तो वेष केला असावा.

बाबा गावात यायचे ते झाडतच. दिवसा गाव स्वच्छ करायचे आणि रात्री कीर्तनात लोकांची मने. कीर्तन आपल्या वऱ्हाडी बोलीत. ते लोकांना प्रश्न विचारत आणि लोकांच्याच तोंडून उत्तर काढून घेत. आजीच्या वडिलांनी त्यांचे कीर्तन ऐकले होते. ते सांगत, की लोक पोट धरून हसायचे आणि घरी जाताना गप्प व्हायचे. कारण बाबा बोलायचे ते ज्याच्या त्याच्या घरचे. सणासाठी, लग्नासाठी कर्ज काढू नका. देवापुढे बोकड कापू नका. दारू पिऊ नका. हुंडा घेऊ नका. घरातली भांडी विकावी लागली तर विका, हातावर भाकरी घेऊन खा, बायकोला लुगडे स्वस्तातले घ्या, पण पोराला शाळेत घाला. हाच त्यांचा उपदेश. स्वतःला अक्षर येत नव्हते, म्हणून अक्षराची किंमत त्यांना बरोबर कळली होती. मामाचा अंगठा ते विसरले नव्हते.

मित्रांनो, आता कोणी म्हणेल, की बाबा सगळा खर्चच बंद करा म्हणत होते. तसे नाही बरं का! त्यांनी लोकांकडून लाखो रुपये गोळा केले आणि खर्चही केले. पण कशावर? पंढरपूरला वारकऱ्यांसाठी, नाशिक, देहू, आळंदीला यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९१७ ची. ती पुढे १९४९ मध्ये त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. सदावर्ते चालवली, गोरक्षणे काढली, मुलांसाठी वसतिगृहे उभी केली. एवढ्या इमारती बांधणाऱ्या माणसाने स्वतःसाठी एक खोलीही बांधली नाही आणि कारभारात घरच्यांचा हक्क ठेवला नाही. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगे महाराज मिशन स्थापन झाले आणि हे काम त्या संस्थेकडे गेले.

बाबांच्या कामाची सुरुवात मात्र आपल्याच जिल्ह्यात, पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचनला झाली. तिथे पौष महिन्यात यात्रा भरते. नदीकाठच्या चिखलात यात्रेकरूंचे पाय रुतायचे. बाबांनी खोरे-घमेले घेऊन वाट नीट केली आणि पुढे घाट बांधला. ऋण म्हणजे कर्ज आणि मोचन म्हणजे सुटका, असा अर्थ बाईंनी सांगितला. तो मी घरी सांगितला तेव्हा भाऊ पहिल्यांदा हसले. म्हणाले, की नदीत बुडी मारून कर्ज फिटले असते तर सगळे वऱ्हाड तिथेच राहायला गेले असते!

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येताना वलगावजवळ, पेढी नदीपाशी बाबांचे निधन झाले. ज्यांना पाटीवर अक्षर काढता येत नव्हते, त्यांचे नाव २००५ मध्ये अमरावतीच्या विद्यापीठाला दिले गेले.

आता आमच्या दिवाळसणाचे काय झाले ते सांगतो.

चरित्र संपले त्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊ दुकानात गेलेच नाहीत. त्यांनी ताईच्या सासऱ्यांना फोन लावला आणि सरळ सांगितले, की यंदा अंगठी जमणार नाही, कर्ज काढून द्यायची इच्छा नाही. फोन ठेवल्यावर आई कितीतरी वेळ बोलली नाही. तिला भीती होती, की याचा त्रास ताईला होईल. भीती खोटी नव्हती. ताईच्या सासरच्या एका बाईंनी रिकाम्या हाताच्या दिवाळसणाबद्दल एक शब्द टाकलाच. तो आईच्या मनाला अजून लागलेला आहे.

भाऊजी मात्र आले. आईने करंज्या, चिवडा, शंकरपाळे केले. भाऊजींना ओवाळले, टॉवेल-टोपी आणि नारळ दिला. जेवण झाल्यावर भाऊजी आणि भाऊ कपाशी बघायला वावरात गेले ते दिवस मावळता परत आले. काय बोलले ते ठाऊक नाही, पण दोघेही हसत आले. जाताना ताई आईच्या गळ्यात पडली. म्हणाली, की माझ्या नावाने घरावर कर्ज चढले असते तर मला ती अंगठी रोज टोचली असती.

दिवाळीनंतर हरभऱ्याचे बियाणे भाऊंनी रोखीने आणले. आता हरभरा हातभर वर आला आहे. माझे बूट राहिलेच. जुने शिवून घेतले. खोटे कशाला बोलू? वर्गात दोघांचे नवे बूट पाहिले तेव्हा वाईट वाटले. पण वहीच्या मागच्या पानावर आता माझी गणिते आहेत, भाऊंची नाहीत. ते पान पाहिले की बरे वाटते.

मित्रांनो, सण आपला आहे, तो आनंदाने करावा. गोडधोड खावे, बहिणीला ओवाळणी घालावी. पण ओवाळणी खिशातली असावी, सावकाराची नसावी. आणि पालकांनो, आम्ही मुले हट्ट करतो ते खरे. पण घरचा हिशेब आम्हाला एकदा दाखवून तर बघा. आम्हालाही तो समजतो.

उद्या आपण शाळेचे आवार झाडू, तेव्हा हेही लक्षात ठेवू. बाबांनी कचरा फक्त रस्त्यावरचा झाडला नाही.

– एक विद्यार्थी, इयत्ता ७ वी