प्लेगच्या लशीचे जनक वाल्डेमार हाफकिन

मुंबईस परळ येथे हाफकिन इन्स्टिट्यूट ही संस्था आहे, हे पुष्कळांस ठाऊक असते. ज्या पुरुषाचे नाव तिला दिले आहे, त्याचे चरित्र मात्र थोड्यांनाच माहीत असते. विद्यार्थ्यांनी ते अवश्य जाणून घ्यावे, इतके ते बोधप्रद आहे.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी रशियन साम्राज्यातील ओडेसा शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. विख्यात जीवशास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले. पुढे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी प्रथम ग्रंथपालाचे काम पत्करले. तेथेच त्यांनी पटकीवरील लस तयार केली आणि १८९२ साली ती आधी स्वतःस टोचून घेतली. दुसऱ्या वर्षी ते हिंदुस्थानात आले.

१८९६ साली मुंबईत प्लेगचा उद्रेक झाला. ही साथ पुढे दख्खनेत पसरली आणि आपले सोलापूरही तिच्या तावडीतून सुटले नाही. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या अपुऱ्या जागेत अहोरात्र खपून लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी तीही प्रथम आपल्याच अंगी टोचून घेतली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली.

लस करण्यासाठी प्लेगचे जंतू मांसाच्या रसात वाढवावे लागत. परंतु बाटलीत वाढले ते प्लेगचेच जंतू, दुसरे कोणते नव्हेत, हे कशावरून समजावे? हाफकिन यांनी त्या रसावर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत ठेवले. बाटली न हलवता ठेवली म्हणजे प्लेगचे जंतू त्या थेंबांपासून वडाच्या पारंब्यांप्रमाणे खाली लोंबत वाढत. ही त्यांची ओळखीची खूण होती. बाटलीवरील नावावर विसंबून न राहता आतील पदार्थाची परीक्षा करावी, हा त्यांचा नियम होता.

अशा दक्ष पुरुषावरच घोर आळ यावा, हा दैवदुर्विलास होय. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांस लस टोचली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. इतर बाटल्यांतून टोचलेल्यांस काहीही झाले नाही. दोष प्रयोगशाळेवर ठेवण्यात आला आणि हाफकिन यांना आपले पद गमवावे लागले.

पुढे पुराव्याची छाननी झाली. धनुर्वाताचे जंतू बाटलीत पुष्कळ दिवस वाढले असते तर तिला दुर्गंधी आली असती. परंतु ती उघडताना तशी दुर्गंधी आली नव्हती. शिवाय ती उघडण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट शुद्ध न करताच वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे सर्वश्रुत आहे. १९०७ साली रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्स पत्रातून हाफकिन यांची बाजू मांडली आणि त्याच वर्षी ते दोषमुक्त झाले. ते पुन्हा हिंदुस्थानात आले खरे, परंतु मुंबईचे पद त्यांना परत मिळाले नाही. कलकत्त्यास काम करावे लागले. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

बाटलीत खरोखर काय आहे, हा प्रश्न आजही संपलेला नाही. हल्ली रोगांच्या संशोधनासाठी मानवी पेशी प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे वाढवतात. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन स्त्रीच्या अर्बुदातून घेतलेल्या पेशी इतक्या जोमाने वाढल्या की त्या नकळत इतर पेशींत मिसळल्या. निराळ्या नावांच्या अनेक बाटल्यांत त्याच पेशी आहेत, हे १९६६ साली उघडकीस आले. एका अवयवाच्या पेशी म्हणून दुसऱ्याच अवयवाच्या पेशींवर औषध अजमावले, तर वर्षांचे श्रम फुकट जातात आणि रोग्याची दिशाभूल होते. म्हणून आता पेशींच्या डीएनएची खूण तपासून त्यांची ओळख पटवतात. अशा पेशींचा संग्रह आपल्या पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात आहे.

एका बाटलीत मातीचा कण शिरला, त्याने १९ जीव गेले आणि एका निरपराध पुरुषाची उमेदीची वर्षे वाया गेली. प्रयोगशाळेत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने हे ध्यानी ठेवावे आणि हातातील बाटलीची परीक्षा स्वतः करूनच पुढील काम हाती घ्यावे.