बाया कर्वे : गावानं वाळीत टाकलं, नवऱ्याच्या आश्रमातही जागा नव्हती

घनसावंगी : हेरवाडचं नाव चार वर्षांपूर्वी गावोगावच्या मोबाईलवर फिरलं होतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं हे गाव. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीनं ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. त्याच महिन्यात सरकारनं राज्यातल्या सगळ्या ग्रामपंचायतींना तसंच पाऊल उचलायला सांगणारं परिपत्रक काढलं. गावाच्या बैठकीनं एका विधवेच्या बाजूनं ठराव केला म्हणून त्याची बातमी झाली. सव्वाशे वर्षांपूर्वी कोकणातल्या एका गावाच्या बैठकीत नेमका उलटा ठराव झाला होता. ज्या बाईमुळे तो झाला तिचं नाव गोदूबाई.

गोदूबाई मूळची रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवरूखची. बापाचं नाव बाळकृष्ण जोशी. आठव्या वर्षी लग्न झालं आणि काही महिन्यांतच नवरा वारला. संसार म्हणजे काय हे कळायच्या आत ती विधवा झाली. पुढची पंधरा-वीस वर्षं सासर-माहेरचं राबणं, एवढंच आयुष्य.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. मराठी मुलखात कुणब्यांत आणि इतर बऱ्याच जातींत विधवेचा पाट लागत असे. कुठं त्याला मोहतूर म्हणत. रात्रीच्या वेळी, वाजंत्री न लावता, चार माणसांत उरकायचा तो विधी. मान लग्नापेक्षा कमी, पण बाईला दुसरं घर मिळायचं. जुन्या काळी सरकार त्यावर पाटदाम नावाचा करही घ्यायचं. ब्राह्मण घरातल्या विधवेला मात्र ही वाटच नव्हती. इंग्रज सरकारनं १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा केला होता, पण कायदा कागदावर आणि गाव गावाच्या जागी.

गोदूबाईचा भाऊ नरहरपंत शिकायला मुंबईत होता. तो बहिणीला तिकडं घेऊन गेला. त्याच बिऱ्हाडात त्याचा मित्र धोंडो केशव कर्वे, बायको राधाबाई आणि मुलगा रघुनाथ यांच्यासह राहत होता. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन ही विधवांची शाळा काढली, तेव्हा तिथं पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणून दाखल झाली ती गोदूबाईच. विशी ओलांडलेली बाई पाटी-पेन्सिल घेऊन बसली. पुढं शाळा पुण्याला हलली आणि तीही पुण्याला आली.

राधाबाई १८९१ साली वारल्या. त्याच वर्षी कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला लागले. कमावता माणूस, वय तेहतीस, मुली सांगून येणारच. त्या काळी अशा बिजवराला दहा-बारा वर्षांची पोर सहज मिळायची. कर्व्यांनी ठरवलं, करायचं तर विधवेशीच. हा विषय गोदूबाईच्या वडिलांपर्यंत गेला आणि देवरूखच्या त्या म्हाताऱ्या माणसानं होकार दिला. या सगळ्या गोष्टीत त्या बापाचं नाव फारसं कुणी घेत नाही. जातीत राहून, दुसऱ्या मुली-सुना घरात असताना हो म्हणणं सोपं नव्हतं.

११ मार्च १८९३ ला पुण्यात लग्न झालं. गोदूबाईची आनंदीबाई झाली. पुढं सगळे तिला बायाच म्हणायला लागले.

लग्नानंतर जोडपं कर्व्यांच्या गावी, दापोली तालुक्यातल्या मुरूडला गेलं. गावाची बैठक बसली आणि ठराव झाला : कर्व्यांशी बसण्याउठण्याचा व्यवहार ठेवायचा नाही. थोरल्या भावानं त्यांना घरात घेतलं तर त्याचं घरही वाळीत. म्हणजे शिक्षा फक्त लग्न करणाऱ्याला नव्हती, त्याच्या आईला आणि भावालाही होती. वाळीत पडलेल्या घराला सोयरीक नाही, पंगत नाही, मयताला खांदा नाही. हे काय असतं ते खेड्यातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० साली तो गावाबाहेर हिंगण्याला माळावरच्या एका झोपडीत गेला. आज त्या भागाला कर्वेनगर म्हणतात. कर्वे कॉलेज सुटलं की रोज संध्याकाळी चिखल तुडवत तिकडं जायचे. ही पायपीट सगळ्यांनी वाचलेली असते. बाया त्या वेळी कुठं होती?

बाया लेकरं घेऊन पुण्यात होती. आश्रमाला वर्गणी देणाऱ्या लोकांना विधवांनी शिकलेलं चालायचं, पण पुनर्विवाह नको होता. पुनर्विवाह केलेली बाई आश्रमात वावरली तर पोरींना तेच वळण लागेल, अशी भीती. म्हणून नवऱ्यानं उभारलेल्या आश्रमात बायकोलाच राहता येत नव्हतं. त्यात कर्व्यांनी साठवलेला पैसा आणि पाच हजारांची विमा पॉलिसीही आश्रमाला देऊन टाकली. माणूस मोठाच, पण घर चालवणाऱ्या बाईच्या बाजूनं पाहिलं तर हिशेब वेगळा दिसतो. बाया रडली, भांडली, आणि मग स्वतःच उभी राहिली. नागपूरला जाऊन बाळंतपणाचं काम शिकली आणि त्यावर मिळवायला लागली. पुढं त्याच आश्रमासाठी दारोदार फिरून वर्गणीही गोळा केली.

तिची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. तीही विधवा, पदरात एक मुलगा. तिनं पुन्हा लग्न केलं नाही, म्हणून तिला आश्रमात काम करता आलं. तिनं उभं आयुष्य आश्रमाला दिलं. इंग्रजी धड येत नसताना १९१८ साली ती अमेरिकेला गेली, तिथं लोकांच्या घरी कामं केली आणि संस्थेसाठी पैसा जमवला. एका आईच्या दोन लेकी, दोघी विधवा. एक आश्रमाच्या आत, एक बाहेर. बायाला हे सलत नसेल असं म्हणता येत नाही.

बायाला तीन मुलगे झाले. शंकर डॉक्टर होऊन आफ्रिकेत मोंबासाला गेला. दिनकर फर्ग्युसन कॉलेजचा प्राचार्य झाला. भास्कर आणि त्याची बायको कावेरी यांनी हिंगण्याची संस्था सांभाळली. ज्या संस्थेत सासूला राहता आलं नाही, तिथं सून कारभारी झाली. सवतीचा मुलगा रघुनाथ म्हणजे संततिनियमनाचा प्रचार करणारे र. धों. कर्वे. १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं आणि त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या चढल्या.

दिनकररावांची बायको इरावती कर्वे, 'युगान्त' लिहिणाऱ्या. त्यांची एक मुलगी गौरी देशपांडे, लेखिका. दुसरी जाई निंबकर, त्याही लेखिका. त्या लग्न होऊन फलटणला गेल्या. जाईबाईंचे पती बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली फलटणला शेती संशोधनाची संस्था काढली. जुळी कोकरं देणारी 'नारी सुवर्णा' मेंढी ज्यांनी पाळली किंवा ऐकली असेल, त्यांना कळेल, ती याच संस्थेतली. बोअर शेळीचं काम करणाऱ्यांनाही ही संस्था माहीत आहे.

बायानं म्हातारपणी आपली हकीकत सांगितली. 'माझे पुराण' या नावानं ती १९४४ साली छापून आली. २९ नोव्हेंबर १९५० ला ती वारली. कर्व्यांना भारतरत्न मिळालं १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी. तेव्हा तिला जाऊन आठ वर्षं होत आली होती.