वाळवंटी वाऱ्याला वाट देणारा कोकणपुत्र

दिल्लीत एक उन्हाळा काढलेल्या मराठी माणसाला लू म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. राजस्थानच्या वाळवंटाकडून येणारा तो तापलेला वारा, ती आंधी आणि खिडकीच्या फटीतून ताटापर्यंत पोहोचणारी धूळ! नोकरीनिमित्त मी येथे आलो, तेव्हा दारे-खिडक्या लावून बसणे एवढा एकच उपाय मला ठाऊक होता. दिल्लीला कर्मभूमी मानणाऱ्या एका मराठी वास्तुशिल्पीने मात्र या कोरड्या हवेतूनच आपली कला घडवली. ते म्हणजे अच्युत कानविंदे.

त्यांचा जन्म १९१६ साली, आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आचरे गावी झाला. वडील चित्रकार व कलाशिक्षक. आई लहानपणीच गेली. मुंबईच्या जे. जे. मध्ये वास्तुकला शिकल्यावर सरकारने त्यांना अमेरिकेत हार्वर्डला पाठवले. तेथे वॉल्टर ग्रोपियस यांच्यासारखे गुरू लाभले. परतल्यावर दिल्लीत वैज्ञानिक संशोधन परिषदेचे मुख्य वास्तुविशारद म्हणून काम पाहून १९५५ मध्ये त्यांनी शौकत राय यांच्यासह स्वतःची संस्था काढली.

देश नवा होता. प्रयोगशाळा, विद्यापीठे, सहकारी संस्था उभ्या राहत होत्या. चार माणसे एकत्र येतील, बोलतील, शिकतील अशा जागा हव्या होत्या. कानपूरच्या आय.आय.टी.चे काम त्यांच्याकडे आले, तेव्हा पहिले संचालकही मराठीच होते, डॉ. पु. का. केळकर. कानविंदे यांनी तेथे वीट आणि उघडे काँक्रीट वापरले, वाहने बाहेरच्या अंगाला ठेवली आणि इमारती सावलीच्या पायवाटांनी जोडल्या. उन्हातही विद्यार्थ्याने चालत जावे, वाटेत कुणी भेटावे, हा हेतू.

पुढे रणाकडे झुकणाऱ्या उत्तर गुजरातच्या कोरड्या मुलखात, मेहसाण्याला, १९७०च्या दशकाच्या आरंभी त्यांनी दूधसागर डेअरी बांधली. कामानिमित्त मी तेथे गेलो, तेव्हा प्रथम तो किल्लाच वाटला! छपरावर उंच काँक्रीटचे मनोरे. मग कळले की ते शोभेचे नाहीत. आतली गरम हवा वर चढून त्यांतून बाहेर पडते. शेतकऱ्यांच्या दुधासाठी बांधलेल्या कारखान्याला त्या मुलखातील उन्हानेच रूप दिले होते.

त्या दिवशी मला माझी बाल्कनी आठवली. धूळ नको म्हणून मी ती काचेने बंद करून घेतली होती आणि घराची भट्टी झाली होती. दोष दिल्लीच्या हवेला देत होतो. घरी येऊन आधी काचा काढल्या. धूळ आली खरी, पण संध्याकाळचा वारा आला आणि शेजाऱ्यांशी बोलणेही पुन्हा सुरू झाले.

१९७४ साली कानविंदे यांना पद्मश्री मिळाली. प्रगती मैदानाजवळचे राष्ट्रीय विज्ञान केंद्र आणि ईस्ट ऑफ कैलासचे इस्कॉन मंदिर ही त्यांचीच कामे. मुलांना घेऊन आपण तेथे जातो, पण ती कुणी घडवली हे बहुधा सांगत नाही. २८ डिसेंबर २००२ रोजी ते गेले.

आज नोएडा-गुडगावात काचेचे मनोरे वाढत आहेत. पुढच्या वेळी विज्ञान केंद्रात जाल, तेव्हा मुलांना आचऱ्याच्या या सुपुत्राचे नाव अवश्य सांगा. कलेच्या अधिपतीच्या उत्सवात त्यांना विनम्र अभिवादन!