जन्मताच बाळाला दहापैकी गुण का देतात? वाचा डॉ. व्हर्जिनिया अपगार यांची गोष्ट
बाळाच्या जन्माच्या कागदपत्रांत 'अपगार स्कोअर' लिहिलेला पाहिलाय? ते एका डॉक्टरचं आडनाव आहे.

व्हर्जिनिया अपगार यांचा जन्म १९०९ चा, अमेरिकेतल्या न्यू जर्सीतला. त्यांना सर्जन व्हायचं होतं. पण बाईला त्यात जम बसवणं कठीण, म्हणून वरिष्ठांनी त्यांना भूलशास्त्राकडे वळवलं. या कामामुळे त्यांचा प्रसूतिगृहाशी रोजचा संबंध आला.

तेव्हा प्रसूतीनंतर सगळं लक्ष आईकडे असायचं. निळं पडलेलं, नीट श्वास न घेणारं बाळ अनेकदा वाचणार नाही असं समजून बाजूला ठेवलं जाई.

१९५२ मध्ये अपगार यांनी सोपा तक्ता मांडला. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंची ताकद, स्पर्शाला प्रतिसाद आणि त्वचेचा रंग, प्रत्येकाला ० ते २ गुण. मोजणी जन्मानंतर एका मिनिटाने, पुढे पाचव्या मिनिटालाही होऊ लागली. प्रसूती करणाऱ्या डॉक्टरने स्वतः गुण देऊ नयेत, असा त्यांचा आग्रह होता. त्यामुळे हे काम अनेकदा नर्सकडे आलं.

अपगार १९७४ मध्ये गेल्या. आता श्वास न घेणाऱ्या बाळावर उपचार करायला गुणांची वाट पाहत नाहीत. पण आईइतकंच बाळाकडेही लगेच पाहायची सवय लावली ती याच तक्त्याने.