टर्नर : दोन हातांचे एक चित्र

एखादे जुने जलरंगचित्र हाती आले की दोन प्रश्न मनात उभे राहतात. हे कुणाचे, आणि हे कधीचे? खाली सही असली तर आपण निर्धास्त होतो. पण सहीच नसेल तर? इंग्लंडचा थोर निसर्गचित्रकार टर्नर याच्या तरुणपणातील चित्रांनी जाणकारांना असेच कोड्यात टाकले.

जोसेफ मॅलर्ड विल्यम टर्नर १७७५ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डन भागात जन्मला. वडील न्हावी. मुलाची चित्रे ते दुकानात टांगून ठेवीत आणि गिऱ्हाइकांना विकीत. १७८९ साली, अवघ्या चौदाव्या वर्षी, टर्नरला रॉयल अकादमीच्या शाळेत प्रवेश मिळाला. पुढच्याच वर्षी त्याचे एक जलरंगचित्र अकादमीच्या प्रदर्शनात झळकले.

त्याच्याच वयाचा दुसरा गुणी तरुण म्हणजे टॉमस गर्टिन. या दोघांना डॉ. टॉमस मन्रो याने हाताशी धरले. मन्रो हा बेथलेम येथील मनोरुग्णालयाचा वैद्य आणि चित्रांचा मोठा शौकीन. चित्रकार कझन्स हा त्याचाच रुग्ण होता. संध्याकाळी सहा ते रात्री दहा, अशी सुमारे तीन वर्षे हे दोन मित्र मन्रोच्या घरी बसून मुख्यतः कझन्सच्या रेखाटनांच्या नकला करीत. गर्टिन पेन्सिलीने रेषा काढी, टर्नर त्यांवर निळ्या-करड्या रंगांचे पातळ हात देई. टर्नरला एका रात्रीचे साडेतीन शिलिंग मिळत.

१८३३ मध्ये मन्रो वारला आणि त्याच्या संग्रहाचा लिलाव झाला. ती चित्रे टर्नरच्या नावावर विकली गेली. काही तर टर्नरनेच विकत घेतली. गर्टिनचे नाव मात्र मागे पडले.

अशा चित्राचा काळ कसा ठरवावा? कागद उजेडासमोर धरला की त्यातील जलचिन्ह दिसते. इंग्लंडमध्ये १७९४ च्या कायद्यानंतर कागदवाले जलचिन्हात सालही घालू लागले, कारण निर्यातीच्या कागदावरील कर परत मिळण्यासाठी ते आवश्यक होते. त्या सालाच्या आधी चित्र काढलेले असू शकत नाही, एवढे त्यावरून पक्के कळते. मात्र कागद वर्षानुवर्षे पडून राहू शकतो, म्हणून चित्र त्याच सालचे असे म्हणता येत नाही. आणि हात कुणाचा, हे तर कागद सांगतच नाही. त्यासाठी रंगाखालची रेषा पाहावी लागते.

हे कोडे सुटायला मदत केली ती एका रोजनिशीने. जोसेफ फॅरिंग्टन या चित्रकाराने १७९८ साली या कामाची वाटणी नोंदून ठेवली होती, आणि ती त्याला सांगितली होती खुद्द टर्नर व गर्टिन यांनीच! त्या नोंदीच्या आधारे पुढे अभ्यासकांनी गर्टिनचा वाटा त्याच्या पदरात घातला.

१८०२ साली टर्नर अकादमीचा पूर्ण सभासद झाला. त्याच वर्षी गर्टिन सत्ताविसाव्या वर्षी निवर्तला. टर्नरच्या घरीही सुख नव्हते. आईला मनोविकार जडला. १८०० साली तिला बेथलेममध्येच ठेवावे लागले आणि १८०४ साली ती वारली. वडील मात्र १८२९ पर्यंत मुलाच्या चित्रशाळेत मदतनीस म्हणून राबले. टर्नर १८५१ साली चेल्सी येथे वारला. सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये त्याचे दफन झाले. त्याच्यामागे हजारो रेखाटने व जलरंगचित्रे राष्ट्राच्या मालकीची झाली. त्यांतच मन्रोच्या घरचे ते कागदही आहेत.

सत्तावीस वर्षांच्या आयुष्यात गर्टिनला फार काही मागे ठेवता आले नाही. म्हणूनच त्याची एकेक रेषा ओळखणे महत्त्वाचे. टर्नरचे मोठेपण त्याने रतिभरही उणे होत नाही. आपणही एखादे जुने चित्र पाहताना वरच्या रंगावर थांबू नये. खाली दुसऱ्या कुणाचा हात आहे का, तेही पाहावे.