मालतीबाई बेडेकर : सोलापूर-पर्व आणि स्त्री-पुरुषत्वाच्या कल्पना

विभावरी शिरूरकर हे नाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासात प्रामुख्याने ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३), ‘हिंदोळ्यावर’ (१९३४) आणि ‘विरलेले स्वप्न’ (१९३५) या तीन पुस्तकांशी जोडले गेले आहे. त्यानंतरची महत्त्वाची कादंबरी ‘बळी’ १९५० साली प्रसिद्ध झाली. मधल्या पंधरा वर्षांकडे सामान्यतः लेखनातील खंड म्हणून पाहिले जाते. या काळाच्या प्रारंभीची काही वर्षे मालतीबाईंनी सोलापुरात काढली. स्त्रीत्व आणि पुरुषत्व यांविषयीच्या त्यांच्या जाणिवेत जे स्थित्यंतर घडले त्याची पाळेमुळे या वर्षांत शोधावी लागतात.

मालतीबाईंचा, म्हणजे पूर्वाश्रमीच्या बाळूताई खरे यांचा, जन्म १९०५ सालचा. वडील अनंतराव शिक्षक आणि पुरोगामी विचारांचे होते. आई इंदिराबाईंनी दुधाचा व्यवसाय अनेक वर्षे समर्थपणे चालविला. स्त्रीने अर्थार्जन करावे आणि पुरुषाने मुलींना शिकवावे, या गोष्टी बाळूताईंना पुस्तकांतून शिकाव्या लागल्या नाहीत. हिंगण्याच्या संस्थेत व पुढे महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले. शिक्षणानंतर पुण्याच्या कन्याशाळेत त्यांनी अध्यापन केले. ‘अलंकारमंजूषा’ (१९३१) हा साहित्यशास्त्रावरील ग्रंथ आणि क. ना. केळकर यांच्यासह लिहिलेला ‘हिंदु व्यवहार धर्मशास्त्र’ (१९३२) हे त्यांचे या काळातील शास्त्रीय लेखन होय.

पांडित्याला स्वतःचे नाव चालत होते. स्त्रीच्या इच्छेविषयी लिहिण्यास मात्र टोपणनाव घ्यावे लागले. ‘कळ्यांचे निःश्वास’ ह. वि. मोटे यांनी प्रकाशित केले आणि मोठे वादळ उठले. प्रौढ कुमारिकांची कुचंबणा, हुंडा, विवाहाच्या बाजारातील मानहानी, स्वतःच्या घराची ओढ हे विषय त्या कथांत होते. हे लेखन कोणा पुरुषाचे असावे, असाही तर्क झाला. शरीराची व मनाची ओढ स्त्रीला जाणवली तरी ती तिने उच्चारू नये, हा संकेत इतका दृढ होता की तो मोडणारी लेखणी स्त्रीची मानणेच अनेकांना अवघड गेले. मुलींच्या शाळेतील शिक्षिकेला आपली ओळख झाकून ठेवणे किती अपरिहार्य होते, हेही यावरून स्पष्ट होते.

‘हिंदोळ्यावर’ची नायिका अचला पतीपासून दुरावलेली आहे. तिचा पेच केवळ मानसिक नाही. मुंबई प्रांतात हिंदू घटस्फोटाचा कायदा १९४७ साली आला. तोपर्यंत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीला पहिला विवाह संपवून दुसरा करण्याचा कायदेशीर मार्ग जवळजवळ नव्हता. धर्मशास्त्राचा अभ्यास केलेल्या लेखिकेने ही कोंडी कादंबरीत आणली, हा योगायोग मानता येत नाही.

१९३६-३७च्या सुमारास मालतीबाईंनी शाळा सोडली आणि सोलापूरच्या गुन्हेगार जमातींच्या वसाहतीत सरकारी अधिकारी म्हणून त्या रुजू झाल्या. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. मुंबई प्रांतात अशा जमातींसाठी ज्या वसाहती उभारल्या गेल्या त्यांत सोलापूरची वसाहत प्रमुख होती. तारेचे कुंपण, नित्य हजेरी, बाहेर जाण्यास परवाना आणि गिरणीतील मजुरी, अशी तेथील व्यवस्था होती. सोलापुरातील वस्त्यांच्या नावांत ‘सेटलमेंट’ हा शब्द आजही टिकून आहे.

पुण्याच्या मध्यमवर्गाने घडविलेल्या स्त्रीत्वाच्या कल्पनेला येथे आधारच नव्हता. घराचा उंबरठा, शालीनता, पतीची प्रतिष्ठा यांवर ती कल्पना उभी होती. कुंपणातल्या घराच्या उंबरठ्यावर मात्र सरकारचा पहारा होता. येथील स्त्री पूर्वीपासून कष्ट करणारी व मिळवती होती. यांपैकी अनेक जमातींत काडीमोड व पाट रूढ होते. अचलेला जी मुभा कायदा देत नव्हता ती येथील स्त्रीला रूढीने दिली होती. तथापि तेवढ्याने ती स्वतंत्र ठरत नव्हती. जातपंचायत, दारिद्र्य आणि मारहाण यांचा जाच तिच्यामागे होताच. अर्थार्जन आणि विवाहविच्छेद यांतूनच स्त्रीमुक्ती साधेल, ही सुशिक्षितांची समजूत या वास्तवापुढे अपुरी पडते. पुरुषत्वाच्या कल्पनेचेही तसेच. ज्या पुरुषाला हजेरीच्या वेळी रोज मान खाली घालावी लागे, त्याची सत्ता बायकोमुलांपुरतीच उरत होती. बाहेरची मानहानी आणि घरातील दांडगाई यांचा हा संबंध मध्यमवर्गीय कथाविश्वातून सहजासहजी दिसण्याजोगा नव्हता.

सोलापूरच्या सेवाकाळातच, १९३८ साली, विश्राम बेडेकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढच्याच वर्षी बेडेकरांची ‘रणांगण’ प्रसिद्ध झाली. प्रेमात पोळल्यामुळे स्त्रीजातीविषयी कडवट झालेला आणि हॅर्टाच्या समर्पणापुढे अपुरा पडणारा चक्रधर हा मराठीतील पराक्रमी नायकाच्या परंपरेला छेद देणारा पुरुष होय. स्त्रीच्या इच्छेचा आणि पुरुषाच्या दुबळेपणाचा निर्भीड उच्चार करणाऱ्या या दोन लेखण्या एका घरात आल्या, ही वाङ्मयेतिहासातील लक्षणीय घटना आहे. १९४०च्या सुमारास मालतीबाईंनी नोकरी सोडली.

सोलापूरचा अनुभव ‘बळी’त अवतरण्यास दहा वर्षे लागली. मांग-गारुड्यांचे कुंपणातले जीवन त्यांनी भाबडी सहानुभूती टाळून रेखाटले. मुंबई प्रांतातील गुन्हेगार जमाती कायदा १९४९ साली आणि देशपातळीवरील कायदा १९५२ साली रद्द झाला. त्यामुळे ही कादंबरी त्या व्यवस्थेच्या शेवटाशी समकालीन ठरते. त्यानंतरच्या ‘खरेमास्तर’ (१९५३) मध्ये त्यांनी वडिलांचे जीवन कादंबरीरूपात मांडले. मुलींच्या शिक्षणासाठी झिजणारा साधा शिक्षक हे पुरुषत्वाचे वेगळे रूप त्यांनी तेथे उभे केले. ‘घराला मुकलेल्या स्त्रिया’ या पुस्तकात निराश्रित स्त्रियांचा प्रश्न आला. १९८१ साली मुंबईत भरलेल्या समांतर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. २००१ साली त्यांचे निधन झाले.

मालतीबाईंचे अनुयायित्व सांगणाऱ्या समीक्षेने ‘कळ्यांचे निःश्वास’लाच केंद्रस्थान दिले, त्यामुळे त्यांची प्रतिमा मध्यमवर्गीय स्त्रीच्या व्यथेपुरती आक्रसली. ‘बळी’ हे त्या वाटेवरील वळण असल्याचे मानले जाते. वस्तुतः तो त्याच प्रश्नाचा विस्तार आहे. स्त्री कोणी व कशी असावी हे कोण ठरवते, हा १९३३ सालचा प्रश्न सोलापुरात जात, कायदा आणि श्रम यांच्याशी भिडला. बाहेरून आलेली, अधिकारपदावर असलेली उच्चवर्णीय स्त्री म्हणून त्यांच्या दृष्टीला मर्यादा होत्या आणि कुंपणातल्या स्त्रीचा स्वतःचा शब्द ‘बळी’तही दुसऱ्याच्या लेखणीतून येतो. पुढे भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांनी तो शब्द स्वतः उच्चारला. त्या आत्मकथनांतील स्त्री-पुरुषसंबंधांचा अभ्यास करताना ‘बळी’ शेजारी ठेवून वाचणे म्हणूनच आवश्यक ठरते.